तळ

दादांनी ती एका मे महिन्यात बांधली, परसात.
आंब्याच्या फळ्या, फणसाचे वाक,
बाकी सगळा अंदाज.
नाव ठेवलं नाही. शिकारीच्या होडीला नाव ठेवलं
तर पाखरांना कळतं, म्हणायचे.

तळ चपटा, ताटासारखा.
वीतभर पाण्यात चालायची, चिखलाच्या रंगाची,
काठांना चिपीच्या फांद्या खोचलेल्या,
आत दादा पालथे, शेजारी ठासणीची बंदूक,
दोन्ही हातांनी पाणी मागे सारत
अडईंच्या थव्याकडे निघालेले.
कानावरची विडी न पेटवता
विडीभर वेळात दहा हात.

मग कायदा आला.
बंदूक चौकीत जमा झाली, तिथेच गंजली.
होडी कोणी मागितली नाही.

आता मी तीच बदकं मोजतो, वनखात्याच्या वहीत,
दर जानेवारीत, एका भरतीत,
तळाशीलच्या तोंडापासून मसुऱ्यापर्यंत.
भरती थांबत नाही, होडी पोचत नाही.
आठ हॉर्सपॉवरचं मशीन लावलं
तर नाक वर करते, ढुंगण रुतवते
आणि व्हाळात बसलेल्या म्हशीसारखी
सगळी खाडी पुढे ढकलू बघते.

इनास मेस्तने तिला उलटी घातली
माडाच्या दोन ओंडक्यांवर.
ताप बघावा तसा तळावर हात ठेवला.
"हय बघ. मागचो तळ वर गेलो हा, केळ्यासारको.
पाणी हय चिकाटता.
पाण्याक धक्को मारू नको रे, ताका सोडूक शिक."

म्हणून मागचा तिसरा हिस्सा सरळ केला, दोरी ताणून.
मागची कड धारदार, पाणी जिथे तुटेल.
नाळ हातभर लांब, भोपळ्याच्या बीसारखी.
राळ नाही, काथ्या नाही, कापड आणि 'इपोक्शी',
जिच्या वासाने आमच्या मांजरीने
तीन दिवस घर सोडलं.

खरवडताना रंगाचे पाच थर निघाले,
कालवांची टरफलं,
आणि तिसऱ्या वाकावर, आतल्या अंगाला,
चाकूच्या खाचा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
एकशे चाळीसपर्यंत मोजल्या
तेव्हा इनास म्हणाला, सरक.
वाक एका टोकाला कुजला होता.
त्याने तो काढला, चांगला तेवढा चिरला,
पाचर करून मशीनच्या पाटाखाली ठोकली.
मी काही बोललो नाही.
पाचर घट्ट बसली.

पाण्यात घातली त्या दिवशी ती उठली!
तापल्या तव्यावर थेंब नाचतो तशी
खाडीच्या वरच्या वर, मागे पांढरी रेघ,
आणि मी, चोपन्न वर्षांचा, टोपी उडालेला,
कोणीही ऐकत नसताना शिव्या घालत सुटलो, आनंदाने.
मसुरं बावीस मिनिटांत.

बदकं त्याआधीच गेली.
दोन शेतं अलीकडे होतो तेव्हाच
अख्खा थवा शिट्ट्या घालत वर,
तीनशे? पाचशे?
वहीत लिहिलं: अडई. उडाल्या.
पुढचा रकाना कोरा.

तेव्हापासून शेवटच्या वळणावर मशीन बंद करतो
आणि पालथा पडतो.
बरगड्या दुखतात. दादा माझ्याहून बारीक होते.
पण नव्या तळाला हळू चालणं ठाऊक नाही,
त्या धारदार कडेपाशी पाणी
चुळूक, चुळूक, बोलत राहतं.
इनासला सांगितलं.
तो रंधा थांबवून म्हणाला,
"धावणारी व्हयी म्हणालंस. धावता.
गप ऱ्हवणारी व्हयी, असा खंय म्हणालंस?"

आज ओलं गोणपाट बांधलंय मागे, कडेवरून सोडून.
आवाज थोडा कमी.
सत्तावन्न, अठ्ठावन्न,
कांदळाच्या सावलीत आणखी चार,
त्यातली एक मान वर करते.
मी हात पाण्यातच ठेवतो.